माज आहे, पण दिसत नाही : लोणी काळभोरजवळच्या एका गोठ्याचं प्रकरण

पुणे-सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोर ओलांडलं की कालव्याच्या खालच्या अंगाला उसाच्या फडांमध्ये छोटे छोटे गोठे लागतात. त्यातलाच हा एक, सात मुऱ्हा म्हशींचा. दूध घरोघरी रतीबाने जातं, थोडं हडपसरच्या डेअरीला. 1 एप्रिलला मालकांचा फोन आला. तक्रार एका वाक्याची होती : "मॅडम, तीन म्हशी माजावरच येईनात, तिघींना एकदमच इंजेक्शन ठोकून टाका."

माजाचं इंजेक्शन नावाची एकच कुपी असते आणि ती सगळ्या म्हशींना सारखी लागू पडते, ही समजूत आपल्या भागात इतकी पक्की आहे की तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. जनावर तपासून दाखवावं लागतं. या गोठ्यात तपासल्यावर निघालं ते असं, की तक्रार एक असली तरी तिघींच्या मेंदूत तीन निरनिराळ्या गोष्टी चालल्या होत्या, आणि जे इंजेक्शन एकीला उपयोगी पडलं असतं त्यानेच दुसरीचा गर्भ पडला असता.

मालकांना सगळे दादा म्हणतात, मीही म्हणते. सकाळची धार ते काढतात, संध्याकाळची त्यांची आई. या आजींचा उल्लेख पुढे येणार आहे, कारण निदानाचा निम्मा भाग त्यांचा आहे.

पहिली म्हैस : सहा महिने रिकामी

तिसऱ्या वेताची, सप्टेंबरच्या मध्यावर व्यायलेली. रेडकू महिन्याभरात दगावलं. दूध दिवसाला नऊ लिटरच्या आसपास, अंगाने चांगली, कातडी तकतकीत. व्यायल्यापासून साडेसहा महिने माज दिसलेला नाही. मधल्या काळात दोन-तीन उपचार झालेले होते. कोणते, ते दादांना सांगता येईना, पण गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात रिकाम्या कुप्या तशाच पडून होत्या. एक प्रोस्टाग्लँडिनची, एक फॉस्फरसची, एक जीवनसत्त्वाची. मालकाच्या आठवणीपेक्षा कोनाडा जास्त खरं बोलतो. प्रोस्टाग्लँडिन कधी दिलं, असं विचारल्यावर दादा म्हणाले, "संक्रांतीला. वाणाच्या गडबडीत डॉक्टर येऊन गेले होते. पण काय उपयोग झाला नाय, माज आलाच नाय."

गुदद्वारातून हात घालून तपासणी केली आणि सोनोग्राफीची काडी लावली. गर्भाशय रिकामं, निरोगी. उजव्या बीजांडकोशावर दीड सेंटिमीटरच्या आत-बाहेरचा पीतपिंड, म्हणजे बीज सुटलेल्या जागी तयार होणारी गाठ, स्पष्ट दिसत होता. म्हशीचा पीतपिंड गाईपेक्षा लहान असतो आणि बीजांडकोशात रुतलेला असतो. नुसत्या हाताने तो अनेकदा कळत नाही आणि "बीजांडं थंड आहेत" असा शेरा पडतो. या म्हशीच्या बाबतीत आधी तोच पडला असावा.

पीतपिंड आहे, याचा अर्थ गेल्या पंधरवड्यात कधीतरी बीज सुटलं होतं. म्हणजे म्हशीचं ऋतुचक्र चालू होतं. मेंदूने हुकूम दिला होता, मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीने तो पुढे पोचवला होता, बीजांडकोशाने तो पाळला होता. मग माज कुठे गेला?

आजी गव्हाणीशी बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "रातच्याला रेकती ती. तीन-चारच्या सुमाराला. ह्याला काय ऐकू येतंय, फॅन लावून झोपतोय."

कधी रेकली होती, ते त्यांना तारखेने सांगता येईना. पण त्या दिवशी संध्याकाळी दूध कमी निघालं होतं, हे त्यांच्या लक्षात होतं. मग दुधाची वही मागवली.

वहीत सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन रकान्यांत प्रत्येक म्हशीचं दूध लिहिलेलं. सकाळच्या रकान्यात काहीच विशेष नव्हतं. संध्याकाळच्या रकान्यात 18 जानेवारीला लिटरभर घट, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरपाई. मग 8 फेब्रुवारी. मग 1 मार्च. मग 22 मार्च. प्रत्येक दोन घटींमध्ये एकवीस दिवस, म्हणजे म्हशीचं एक पूर्ण ऋतुचक्र. आणि पहिली घट संक्रांतीच्या इंजेक्शननंतर चौथ्या दिवशी. प्रोस्टाग्लँडिनने पीतपिंड विरघळला की तिसऱ्या ते पाचव्या दिवशी माज अपेक्षित असतो. इंजेक्शन फुकट गेलं असं सगळे समजून बसले होते, पण त्याने आपलं काम चोख केलं होतं. माज आला होता, बीजही सुटलं होतं, फक्त म्हैस काही बोलली नव्हती आणि रात्री जे थोडं बोलली ते ऐकायला कोणी जागं नव्हतं.

घट फक्त संध्याकाळच्या रकान्यात का, याचं कारण मला नंतर उमगलं. ते पान्ह्याच्या भागात सांगते.

बीज सोडणं आणि माज दाखवणं : मेंदूतली दोन कामं

इथे थोडं खोलात जायला हवं, कारण मुक्या माजाचं सगळं कोडं इथेच आहे.

पुनरुत्पादनाचा वरचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातून निघतो. तिथल्या काही थोड्या चेतापेशी जीएनआरएच नावाचं दहा अमिनो आम्लांचं छोटंसं संप्रेरक सोडतात. (या पेशी गर्भावस्थेत नाकाच्या जागी जन्मतात आणि तिथून सरकत मेंदूत जातात, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं.) त्याची रचना 1971 मध्ये उलगडली. अँड्र्यू शॅली यांनी डुकरांच्या आणि रॉजर गीमँ यांनी मेंढ्यांच्या मेंदूंचे ढीगच्या ढीग गोळा करून हे काम केलं, आणि 1977 च्या नोबेलमध्ये त्या दोघांचा वाटा होता. आज आपण गोठ्यात टोचतो ती बुसेरेलिनची कुपी म्हणजे त्याच रेणूत थोडा बदल करून केलेलं औषध.

जीएनआरएच पियुषिकेला एलएच हे दुसरं संप्रेरक सोडायला लावतं, एलएच बीजांडकोशातलं पुटक (ज्यात बीज वाढतं ती पाण्याची पिशवी) वाढवतं, वाढणारं पुटक इस्ट्रॅडिऑल हे इस्ट्रोजेन गटातलं संप्रेरक तयार करतं. हे इस्ट्रॅडिऑल रक्तातून परत मेंदूत जातं आणि तिथे त्याची दोन कामं होतात. एक, जीएनआरएचचा मोठा लोंढा सुटतो, त्यामागून एलएचचा, आणि बीज सुटतं. दोन, हायपोथॅलॅमसच्या तळाशी मधोमध असलेल्या दुसऱ्या पेशीसमूहावर ते काम करतं आणि मादीची वागणूक बदलते. ती अस्वस्थ होते, रेकते, वारंवार मुतते, नराला उभी राहते. खाण्यातलं लक्ष उडतं, दूध कमी होतं.

एकच संप्रेरक, पण या दोन कामांसाठी लागणाऱ्या अटी सारख्या नाहीत. वागणुकीसाठी आणखी एक अट आहे, ती म्हणजे आधीच्या पीतपिंडातून येणारं संप्रेरक, प्रोजेस्टेरॉन. 1954 मध्ये रॉबिन्सन यांनी बीजांडकोश काढलेल्या मेंढ्यांवर दाखवून दिलं, की नुसतं इस्ट्रोजेन देत राहिलं तर माज पुन्हा पुन्हा येत नाही. आधी काही दिवस प्रोजेस्टेरॉन द्यावं, ते थांबवावं आणि मग इस्ट्रोजेन द्यावं, तर थोड्याशा मात्रेतही मेंढी माजावर येते. गंमत म्हणजे उंदरांच्या मादीत हा क्रम उलटा आहे. तिला आधी इस्ट्रॅडिऑल लागतं, एखाद-दोन दिवसांनी प्रोजेस्टेरॉन, आणि मग काही तासांत ती पाठ खाली दाबून नराला स्वीकारते. सस्तन प्राण्यांत रसायनं तीच, पण क्रम आपापला. उंदरावरचं वाचून म्हशीला लावणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

म्हणूनच व्यायल्यानंतरचा पहिला माज बहुतेक गाईम्हशींत मुका जातो. बीज सुटतं, पण त्याआधी पीतपिंड नव्हता, प्रोजेस्टेरॉनने मेंदू तयार केलेला नव्हता, म्हणून वागणूक बदलत नाही. दुसऱ्या चक्रापासून ती दिसू लागते.

या म्हशीची मात्र किमान चार चक्रं मुकी गेली होती, तेव्हा फक्त पहिल्या माजाचं कारण पुरत नव्हतं. इथे म्हशीची जातच आडवी येते. गाई एकमेकींवर उड्या मारतात, लांबून दिसतं. म्हशी हे फारच कमी करतात. तिचा माज रात्री आणि पहाटे जास्त असतो. सोट, म्हणजे माजात येणारा चिकट स्राव, गाईसारखा लोंबत नाही, ती बसली की थोडा बाहेर पडतो आणि शेणात मिसळून जातो. शिवाय पुटकातून येणारं इस्ट्रॅडिऑलही गाईच्या मानाने कमी भरतं. त्यात फेब्रुवारी संपता संपता पुण्याच्या पूर्वेकडे ऊन तापायला लागतं. म्हशीची कातडी काळी, घर्मग्रंथी गाईपेक्षा कितीतरी कमी, आणि या गोठ्यात डुंबायला जागा नाही, वर पत्रा. उन्हाचा ताण वाढला की पुटकाचं इस्ट्रॅडिऑल आणखी घटतं, रक्तातलं प्रोलॅक्टिन, म्हणजे दुधाशी निगडित संप्रेरक, वाढतं आणि ते जीएनआरएचला दाबतं. बीज सोडण्यापुरतं इस्ट्रॅडिऑल भरतं, वागणूक बदलण्यापुरतं भरत नाही. दोन उंबरठ्यांच्या मधल्या पट्टीत म्हैस अडकून राहते.

मी निदान लिहिलं : मुका माज, चक्र नियमित, बीजांडकोश कार्यक्षम.

"मग रोज एकेक इंजेक्शन द्या की"

एवढं ऐकून दादांनी विचारलेला हा प्रश्न. मेंदूचा हुकूम कमी पडतोय ना, मग तो हुकूम कुपीतून रोज द्या. तर्क वरवर बिनचूक आहे.

याचं उत्तर 1978 मध्ये पिट्सबर्गला अर्न्स्ट क्नोबिल यांच्या प्रयोगशाळेने दिलं. त्यांनी ऱ्हीसस माकडिणींच्या हायपोथॅलॅमसमधला नेमका भाग निकामी केला, म्हणजे स्वतःचं जीएनआरएच बंद. मग बाहेरून दिलं. तासाला एकदा, काही मिनिटं, असं दिलं तर पियुषिका कामाला लागली. तेच संप्रेरक सलग चालू ठेवलं तर एलएच खाली आलं आणि तिथेच राहिलं. दारावर कुणी थांबून थांबून थाप मारली तर आपण उठून बघतो, आणि बेल अखंड वाजत राहिली की तिची वायर काढून ठेवतो. पियुषिकेच्या पेशी हेच करतात, आपल्या पृष्ठभागावरचे ग्राहक, म्हणजे संप्रेरक पकडणारे रेणू, आत ओढून घेतात. या गुणाचा उलटा उपयोगही होतो : जीएनआरएचसारखंच औषध हळूहळू पाझरणारी गोळी कातडीखाली बसवून कुत्र्यांचं आणि प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांचं प्रजनन थांबवतात.

ही थाप कोण मोजतं, हे कळायला पुढे पाव शतक गेलं. 2003 मध्ये वयात न येणाऱ्या माणसांच्या काही कुटुंबांत एका ग्राहकाच्या जनुकात दोष सापडला, आणि त्या ग्राहकाला जागं करणारं किस्पेप्टिन एकदम प्रकाशात आलं. किस्पेप्टिनच्या पेशी जीएनआरएचच्या पेशींना ढोसतात. खाणं किती, अंगावर चरबी किती, पीतपिंड आहे का, दिवस किती मोठा, बछडा पितोय का, ऊन किती, असल्या सगळ्या बातम्या आधी त्यांच्या आसपास गोळा होतात. म्हशीने माजावर यायचं की नाही, हे कुपीच्या फार आधी तिथे ठरत असतं.

तेव्हा या म्हशीला जास्त संप्रेरकाची गरज नव्हती. तिचं बीज कधी सुटतं ती वेळ आपल्याला कळायला हवी होती. ती वेळ आपणच ठरवून घ्यायची एक पद्धत आहे, 1995 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये दुभत्या गाईंसाठी बसवलेली, आज जगभर ओव्हसिंक नावाने चालणारी. त्याच दिवशी, म्हणजे 1 एप्रिलला, बुसेरेलिन अडीच मिली. 8 तारखेला क्लोप्रोस्टेनॉल दोन मिली, पीतपिंड विरघळवायला. 10 च्या संध्याकाळी पुन्हा बुसेरेलिन, या वेळी एलएचचा लोंढा आपल्या घड्याळाने सोडायला. 11 च्या सकाळी रेतन. यात माज दिसण्याची वाट बघायची नसते. दादांना तेच आवडलं.

पान्हा

तपासणी चालू असताना दादांच्या खिशात एक सिरिंज दिसली. विचारल्यावर थोडं चाचरत म्हणाले, रेडकू गेल्यापासून ही म्हैस सकाळी पान्हा सोडत नाही, म्हणून "दुधाचं औषध" देतो.

ते ऑक्सिटोसिन. तेही मेंदूचंच संप्रेरक, हायपोथॅलॅमसमध्ये बनतं आणि पियुषिकेच्या मागच्या पाळीतून रक्तात येतं. बछड्याने सडाला तोंड लावलं की तिथल्या चेता मेंदूला कळवतात, मिनिटभरात ऑक्सिटोसिन कासेपर्यंत पोचतं आणि दूध खाली येतं. बछडा नसला तरी ओळखीचा हात, ओळखीचा आवाज, समोर पेंडीची पाटी, यांनीही हे होतं. भीती वाटली किंवा मार बसला की अॅड्रेनालिन आडवं येतं आणि पान्हा चढतो. व्हिन्सेंट द्यु विन्यो यांनी हा रेणू 1953 मध्ये प्रयोगशाळेत बनवला, त्यांना 1955 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि तोच रेणू आज आपल्या गोठ्यांत बिनलेबलच्या बाटलीतून येतो. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात दूध वाढवण्यासाठी जनावराच्या तब्येतीला अपायकारक असं काहीही टोचणं गुन्हा आहे. मी कायदा सांगितला. दादांनी मान हलवली, पटल्यासारखी वाटली नाही.

मग वही पुढे केली. सकाळचं दूध इंजेक्शनने काढलेलं, म्हणून त्यात माजाच्या दिवशीही फरक पडत नव्हता. संध्याकाळी आजी हाताने, बोलत बोलत, कास चोळून दूध काढत होत्या. म्हशीचं लक्ष माजाकडे गेलं की त्या दिवशी पान्हा कमी, आणि ते त्यांच्या रकान्यात उतरत होतं. दादा, तुमच्या सिरिंजने म्हशीची एकमेव खूण पुसली जात होती, असं म्हटल्यावर मात्र ते गप्प झाले.

याहून गंभीर शंकाही आहे. 1959 मध्येच गाईंवर दाखवलं गेलं होतं, की चक्राच्या सुरुवातीच्या दिवसांत ऑक्सिटोसिन रोज टोचलं तर पीतपिंड नीट बनत नाही आणि चक्र आखडतं. तिथली मात्रा मोठी होती. दादांच्या सिरिंजने असं झालं होतं असं मी म्हणणार नाही, या म्हशीची चक्रं तर नेमाने एकवीस दिवसांची होती. पण गर्भ धरायचा असलेल्या जनावरात गर्भाशय आकसवणारं औषध रोज देणं हे मला कधीच पटलेलं नाही. सकाळचीही धार काही दिवस आजींनी काढावी, असं ठरलं. आठवडाभर दूध उतरलं, मग सावरलं.

दुसरी : तपासली म्हणून वाचली

सोनोग्राफीवर गर्भ दिसला, दोन ते अडीच महिन्यांचा. माज दिसत नाही, कारण ती गाभण आहे. भरवल्याची, म्हणजे रेतन केल्याची किंवा रेडा दाखवल्याची, नोंद कुठेही नव्हती. जानेवारीत कालव्याकडे चरायला सोडली असताना शेजारच्या गोठ्यातला रेडा मोकळा होता, असं चौकशीअंती निघालं. पीतपिंडाचं प्रोजेस्टेरॉन मेंदूला सतत सांगत असतं की थांब, म्हणून गाभणपणात माज नाही. "एकदमच" या शब्दाप्रमाणे हिलाही प्रोस्टाग्लँडिन गेलं असतं, तर पीतपिंड विरघळला असता आणि दोन-चार दिवसांत गर्भ पडला असता. या म्हशीबद्दल आणखी लिहिण्यासारखं काही नाही. तपासल्याशिवाय टोचू नका, एवढंच.

तिसरी : जिचा मेंदूच थांबला आहे

पहिलारू, डिसेंबरमध्ये व्यायलेली. फासळ्या मोजता येत होत्या. रेडकू दिवसभर अंगाशी, हवं तेव्हा पितं. वैरण म्हणजे उसाचं वाढं आणि कडबा, पेंड दुधाच्या हिशेबाने, म्हणजे थोडीच. आपल्या पट्ट्यात वाढं फुकटात मिळतं म्हणून तेच पोटभर घालतात, पण त्यात पोषण कमी आणि ऑक्झलेटमुळे कॅल्शियम बांधलं जातं.

हिचे दोन्ही बीजांडकोश लहान, गुळगुळीत. पीतपिंड नाही, मोठं पुटक नाही. हा खरा अमाज. पहिली म्हैस आणि ही, बाहेरून दोघींची तक्रार अक्षरशः सारखी होती.

हिच्या मेंदूने हिशेब केला होता. वाढ अजून पूर्ण झालेली नाही, दूध चालू आहे, खाणं पुरत नाही. रक्तातली साखर, इन्सुलिन आणि चरबीतून येणारं लेप्टिन खाली असलं की किस्पेप्टिनच्या पेशी मंदावतात. त्यात रेडकू सारखं पीत असलं की मेंदूतली अफूसारखी द्रव्यं जीएनआरएचच्या थापांची लय आणखी लांबवतात. एलएचच्या थापा विरळ झाल्या की पुटक शेवटच्या टप्प्यापर्यंत वाढतच नाही. हा आजार म्हणता येणार नाही. आईचं शरीर पुढचा गर्भ लांबणीवर टाकतंय, आणि तिच्या बाजूने पाहिलं तर तिचं बरोबरच आहे.

तिसरं कारण दिवसाच्या लांबीचं. म्हैस लहान होत जाणाऱ्या दिवसांत माजावर येणारी. अंधारात पिनियल ग्रंथीतून मेलाटोनिन येतं, रात्र लांबली की ते जास्त वेळ येतं, आणि मेंदू ऋतू ओळखतो. मेंढी, शेळी आणि म्हैस लांब रात्रींना प्रतिसाद देतात, घोडी लांब दिवसांना. म्हणून उत्तरेकडच्या म्हशी बहुतेक पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत वितात. मुऱ्हा मूळची हरयाणाची, तिथे डिसेंबर आणि जूनच्या दिवसात पावणेचार तासांच्या जवळपास फरक पडतो. पुण्यात तो सव्वादोन तासांवर येतो. त्यामुळे आपल्याकडे ऋतूचा पगडा तिथल्याइतका घट्ट नाही. पण एप्रिल-मेमध्ये मोठा दिवस, ऊन आणि कोरडी वैरण एकदम येतात, आणि यातलं नेमकं कोण आडवं येतंय हे एका म्हशीत वेगळं काढून दाखवता येत नाही. मी तरी तसा दावा करत नाही.

दादांचा आग्रह होता की हिलाही पहिलीसारखी इंजेक्शनं द्या. मी दिली नाहीत. पुटकच नाही तर बुसेरेलिन कोणाला फोडणार, आणि पीतपिंडच नाही तर प्रोस्टाग्लँडिन काय विरघळवणार? प्रोजेस्टेरॉनचं साधन योनीत बसवून नंतर काढलं तर काही म्हशी माजावर येतात, पण अशा हाडकुळ्या जनावरात तो माज एकदाच येऊन पुन्हा सगळं थंडावतं, असा माझा अनुभव आहे. पैसे मालकाचे जातात. जंताचं औषध, खनिज मिश्रण, वाढ्याच्या निम्म्या जागी मक्याचा मुरघास, सरकी पेंड वाढवून, आणि रेडकू दिवसातून दोनदाच, धारेच्या वेळी. एवढंच लिहून दिलं.

पुढे

पहिल्या म्हशीच्या 11 एप्रिलच्या रेतनातून गर्भ ठरला नाही. हे सोनोग्राफीच्या आधी वहीनेच सांगितलं. 2 मेच्या संध्याकाळी लिटरभर घट आली आणि या वेळी दादांनी स्वतः फोन केला. मी त्या संध्याकाळी तिला भरवलं नाही. पारा चाळिशीला टेकलेला होता आणि पत्र्याखाली दुपारी उभं राहवत नव्हतं. अशा दिवसांत बीज फळलं तरी पहिल्या आठवड्यातला गर्भ उष्णतेने जातो. एक चक्र सोडून देऊन गोठा थंड करणं मला जास्त शहाणपणाचं वाटलं. माझ्या एका सहकाऱ्याच्या मते तो दिवस वाया घालवायला नको होता. त्याचंही म्हणणं टाकाऊ नाही.

पत्र्यावर उसाचं पाचट आलं, तीन बाजूंना ओली गोणपाटं लागली, दुपारी दोनदा पाइपने अंघोळ. वैरणीचा मोठा वाटा रात्री आठनंतर. आणि शेजारचा तो बदनाम रेडा कामाला आला. 20 मेपासून सकाळ-संध्याकाळ त्याला दोरीने धरून म्हशींच्या दावणीमागून फिरवायचं ठरलं. माजाच्या आसपास मादीच्या मुतात जे गंध उतरतात ते माणसाला कळत नाहीत. रेडा मूत हुंगतो, मान वर करतो, वरचा ओठ दुमडतो आणि तो गंध टाळूवरच्या एका खास इंद्रियात ओढून घेतो. तिथून बातमी त्याच्या हायपोथॅलॅमसकडे जाते. शिवाय नराच्या वासाने मादीच्याही एलएचच्या थापा वाढतात, हे मेंढ्यांत पक्कं माहीत आहे.

23 मेला पहाटे आजींना रेकणं ऐकू आलं. सकाळी रेड्याने ओठ दुमडला. निरण किंचित सुजलेली, बसली तेव्हा जमिनीवर काचेसारखा सोट. संध्याकाळी आजींची धार लिटरभर कमी. साऱ्या खुणा एकाच दिवशी. सकाळी माज तर संध्याकाळी रेतन या जुन्या नियमाने त्याच संध्याकाळी भरवलं. उरुळी कांचनच्या 'बाएफ'मुळे या पट्ट्यात गोठवलेलं वीर्य आणि ते घेऊन येणारा माणूस, दोन्ही दाराशी मिळतात. मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उभ्या केलेल्या त्या संस्थेची ही सोय आहे.

26 जूनच्या सोनोग्राफीत गर्भ दिसला, हृदयाचे ठोके चालू होते. म्हशीचा गाभणकाळ साधारण 310 दिवसांचा, म्हणजे मार्चच्या अखेरीस विण्याची तारीख येते. तिच्या दावणीवर आता खडूने "गाभण" लिहिलेलं आहे. प्रोस्टाग्लँडिन आणि ऑक्सिटोसिन दोन्ही बंद, असं दादांनी त्याखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं.

पहिलारू जुलैत पुन्हा तपासली. फासळ्या झाकल्या गेल्या आहेत. डाव्या बीजांडकोशावर सेंटिमीटरभर पुटक आहे, पीतपिंड अजून नाही. प्रोजेस्टेरॉनचं साधन आता बसवावं का, यावर दादांशी बोलणं झालं. नवरात्रापर्यंत थांबायचं ठरलं आहे. तोवर दिवसही लहान होतील. पहिला माज बहुधा मुकाच जाईल, तेव्हा तिच्या नावाचा संध्याकाळचा रकाना आजींनी आतापासूनच वेगळा आखून घेतला आहे.